माझी घंटी खिडकीत वाजते

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. पोलादाचा, काळा आणि स्वीडनचा. मी मत्सरी आहे हेही आधीच सांगून टाकतो. नाहीतर खिडकीतल्या इंग्रजी यंत्राबद्दल मी जे बोलेन ते सगळे तुम्ही खरे धराल.

स्वीडनहून मी एका स्वीडिश नर्सबाईंबरोबर बोटीने तामिळ देशात आलो. पुष्कळ वर्षे त्यांच्या दवाखान्याची पत्रे लिहिली. पुढे त्यांची बोटे आखडली आणि त्यांनी मला कुंभकोणम्‌च्या मुकुंदरावांना देऊन टाकले. मुकुंदरावांचा टायपिंगचा वर्ग होता. माणूस तंजावरी मराठी. घरी मराठी, वर्गात तामिळ आणि राग आला की इंग्रजी.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. इंग्रजी यंत्रावर उजव्या करंगळीखाली अर्धविराम असतो. माझ्याकडे तिथे डोक्यावर दोन टिंबे असलेला ओ आहे. राजगोपाल नावाचा विद्यार्थी ओरडला, “सार, याच्याकडे अर्धविराम मागितला तर हे डोळे वटारतंय!” वर्ग हसला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

खिडकीत नवे इंग्रजी यंत्र बसले. वारा त्याला, उजेड त्याला, तेल त्याला. सरस्वतीपूजेला चंदनाचा टिळाही त्यालाच. माझ्या डोक्यावर फुलांची रिकामी परडी. कचेरीचे अर्ज ते लिहायचे आणि मुकुंदराव त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. एकदा दमट हवेने त्याची एक कळ अडकली. त्या दिवसाइतके सुख मला स्वीडनमध्येही मिळाले नव्हते.

मग कृष्णवेणी आली. मुकुंदरावांच्या नात्यातली, नुकतीच बी.एस्सी. झालेली, आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात काम करणारी. स्वीडनच्या एका शेतकी शाळेत तिला शिकायला जायचे होते. त्यासाठी आपल्याकडच्या भातशेतांवर स्वीडिशमध्ये पानभर मजकूर टाइप करून द्यायचा होता. तो तपासणार होत्या माझ्याच नर्सबाई; गावातच राहून त्या तिला स्वीडिश शिकवत होत्या. स्वीडिशची टिंबवाली अक्षरे साऱ्या गावात फक्त माझ्याकडे होती. तिने खिडकीतल्या यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही! मित्रांनो, तेव्हा मी किती ताठ बसलो असेन याची कल्पना करा.

स्वीडिश भाषा शब्दाला शब्द जोडत जाते. ‘रीस’ म्हणजे भात, ‘ओक्रार’ म्हणजे शेते, जोडून ‘रीसओक्रार’. ओळ संपत आली की माझी घंटी वाजे आणि लांब शब्द तोडून खाली न्यावा लागे. कृष्णवेणीने आपल्या अक्षरांच्या सवयीने ‘री’ वर ठेवले आणि ‘सोक्रार’ खाली नेले. नर्सबाईंनी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाल्या, जोडशब्द जिथे जोडला तिथेच आधी तोडायचा.

“म्हणजे बांधावर,” कृष्णवेणी म्हणाली. “दोन वाफ्यांचं भात वेगळं ठेवायचं तर आम्ही बांधच बघतो.”

मुकुंदरावांना मात्र दुसरीच शंका आली. “‘भातशेतांचे’ असं लिहिलंस ना? मग एसच्या आधीचं ते अपॉस्ट्रॉफीचं शेपूट कुठं गेलं? इंग्रजीत असतं.”

“इथं नाही, मामा. नुसता एस, तोही अगदी शेवटी. आपणही ‘भातशेतांचे’ म्हणतो. ‘भातांशेताचे’ म्हणतो का?”

“तसं बोललीस तर तुझी आजी तुजला जेवायला वाढणार नाही,” म्हणून मुकुंदराव हसत सुटले.

त्याच आठवड्यात खिडकीतल्या यंत्राची घंटी मोडली. मी मनातल्या मनात नाचलो, पण लगेच मुकुंदरावांचे बोलणे कानी आले. “शुक्रवारी पापनाशम्‌चा मिस्त्री येतोय. कोपऱ्यातलं खोलून लागेल ते काढून घेऊ. उरलेलं भंगारात.” माझा जीव जायचा आणि तोही त्याच्यासाठी!

शुक्रवारी मिस्त्री पेचकस घेऊन उभा राहिला, तेव्हा कृष्णवेणीचे पान अर्ध्यावर होते. तिने दोन्ही हात माझ्यावर पसरले.

“पान पुरं होईतो मी उठत नाही, मामा.”

“अय्यो, त्याची बस आहे, पोरी!”

“मग त्याला बसू द्या बसमध्ये. हे गेलं तर मी लिहू कशावर? तुमच्या खिडकीतल्या साहेबावर?”

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. “बरं, एवढी घंटी तरी काढू दे. बाकी राहू दे तुजला.”

मिस्त्रीने माझी घंटी काढली आणि खिडकीतल्याला बसवली. मी मुका झालो. आता ओळ कुठे संपते ते कृष्णवेणीला कोण सांगणार? पण ती कागदाच्या कडेवर नजर ठेवून बसली. कड जवळ आली की बोटे मंद करायची, शब्द मनात उलगडायची आणि बरोबर बांधावर तोडायची. एकही शब्द वाकडा तुटला नाही. पान नर्सबाईंना पसंत पडले आणि तिचे जाणे ठरले.

निघायच्या दिवशी तिने स्वतःच्या पदराने मला पुसले. “तिकडं म्हणे टेबलाटेबलावर तुझ्यासारखंच असतं,” ती आनंदाने म्हणाली. तोपर्यंत मी एकाच यंत्रावर जळत होतो. आता साऱ्या स्वीडनवर जळतो.

मला भंगारात घातले नाही. मुकुंदराव येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, “यावर लिहून आमची पोर परदेशी गेली.” लोक वाहवा करतात आणि शिकायला खिडकीशी जाऊन बसतात. घंटीवाचून माझ्यावर कोण शिकणार? आणि तिथून दिवसभर माझाच आवाज येत राहतो. तो आला की अजून वाटते, आपली ओळ संपली, आता कोणीतरी आपल्याला पुढच्या ओळीवर सरकवील. कोणी सरकवत नाही.

मित्रांनो, एकाचे काढून दुसऱ्याला लावणे कधीकधी भागच असते. लावा. पण ज्याचे काढले त्याला दिवसभर ते ऐकू येईल, इतक्या जवळ ठेवू नका.