शुक्रवारची भीड

मी एक जुना वॅफलचा साचा आहे. मित्रांनो, तुमच्याकडे घावन होतात, तशी आमच्या नॉर्वेत वॅफल होतात. माझ्या दोन लोखंडी तव्यांमध्ये पीठ ओतायचे, झाकण दाबायचे आणि वाफ निघायची थांबली की उघडायचे. आत बदामाच्या आकाराच्या पाच पाकळ्या एकमेकींना धरून बसलेल्या दिसतात.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात लोखंड ओतून मला घडवले आणि तिथून बोटीने या बेटावर धाडले. इथल्या मासळीच्या कारखान्यात, कामगारांच्या जेवणाच्या खोलीत, खिडकीखालची फळी हे माझे घर झाले. आठवडाभर मी झोपा काढायचो. पण शुक्रवार उजाडला की माझा थाट बघावा! कोणीतरी घरून पीठ कालवून आणी. कॉड माशाचे तुकडे करून गारठलेले हात हातमोज्यांतून बाहेर येत आणि माझ्याभोवती गोळा होत. ओड्नी ही तिथली सगळ्यात जुनी कामगार. ती म्हणायची, "पहिलं वॅफल माझं. ते कायम फाटतं, आणि मला फाटकंच आवडतं." माझे कौतुकही ती करी आणि मला तेल लावून पुसूनही तीच ठेवी.

पुढे लिथुआनियातून दाइवा आली. तिने केलेले पहिले वॅफल इतके करपले की सीगल पक्ष्यांनीही त्याला तोंड लावले नाही. तिची मुलगी उग्ने गावी आजीजवळ राहत होती. माझ्या झाकणावर हात शेकत दाइवा सांगायची, "एवढं एक वर्ष. मग कायमची घरी जाणार." तिच्या त्या बोलण्याची मला इतकी सवय झाली होती की उग्ने मला माझ्याच ओळखीची वाटे.

मग एका हिवाळ्यात पगार थांबले. मालक आर्नफिन म्हणाला, बँकेत अडकलेत. पुढच्या महिन्यात म्हणाला, माल विकला की देतो. मधूनमधून पोटापुरती उचल हातावर ठेवी. आणि त्याच सुमारास शुक्रवारचे पीठ तो स्वतः आणू लागला. घरचे लोणी, घरची अंडी, वर बकरीच्या दुधाचे तपकिरी चीज! स्वतः बाह्या सरसावून तो एकेकाला गरम गरम वाढायचा.

इथेच सगळे फसले, मित्रांनो. ज्याच्या हातचे वॅफल तोंडात आहे, त्याच्याकडे पैशांचा विषय काढायचा कसा? आमच्या बेटावर ते फार वाईट दिसते. तोच माणूस दुकानात भेटतो, चर्चमध्ये शेजारी बसतो.

"असू दे गं," ओड्नी दाइवाला समजावी. "आपलाच माणूस आहे. पळून जातोय थोडाच?"

"तुमचा असेल," दाइवा म्हणे. "माझा तो मालक आहे."

पण परक्या गावात कशाला वाईट व्हा, म्हणून तीही गप्प राहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. वॅफल मात्र एकदाही चुकले नाही.

शेवटी शरदातल्या एका शुक्रवारी दाइवाने बशी खाली ठेवली. "आर्नफिन, वॅफल मस्त झालंय. आमचा पगार कधी होणार?"

आर्नफिनच्या हातातला पिठाचा डाव तसाच राहिला आणि पीठ माझ्या कडांवरून वाहू लागले.

"आज शुक्रवार आहे, दाइवा," तो पुटपुटला.

"सोमवारी तू ऑफिसात सापडत नाहीस."

ओड्नीचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटले, आता ही दाइवाला झापणार. पण ती म्हणाली, "तिने विचारलंय. मीही विचारते."

आर्नफिन स्टुलावर बसला. "नाहीयेत गं माझ्याकडे. तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून पीठ कालवत बसलो."

मला त्याची दया आली, आणि रागही आला. इतके दिवस त्याने मला पुढे करून यांची तोंडे बंद केली होती.

ओड्नीने शहरातल्या कामगार संघटनेला फोन लावला. तिथल्या बाईने नीट सांगितले: पगार लेखी मागा, कधीपर्यंत द्यायचा ती तारीख घाला, नक्कल जवळ ठेवा, पगाराच्या पावत्या आणि कामाचे तास गोळा करा. तरी नाही दिला, तर कंपनी दिवाळखोर जाहीर करावी म्हणून न्यायालयात अर्ज करा, म्हणजे सरकारी निधीतून पगार मिळेल. लेखी मागितले, तारीख उलटली, पगार आला नाही. चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्या आर्नफिनविरुद्धच्या अर्जावर सही करण्याआधी ओड्नीने खोलीतले सगळे कप धुतले, धुतलेलेसुद्धा. मग सही केली. सगळ्यांनी केली.

पैसे आले, पण सगळे नाही. फार मागची थकबाकी त्या निधीतून मिळत नाही. सुरुवातीचे महिने बुडालेच.

"अहो, मग आधी का नाही आलात?" बाईने फोनवर विचारले.

ओड्नी काय सांगणार, वॅफल खात होतो म्हणून?

बुडालेले पैसे म्हणजे दाइवाचे घरी जाणे होते. कारखान्याला कुलूप लागले आणि ती अजून उत्तरेला, दुसऱ्या कारखान्यात गेली. मी ओड्नीच्या स्वयंपाकघरात आलो. इथे मला रोज पुसतात, पण एकट्या बाईला वॅफल किती लागणार? ते ओले हातमोजे, ती ढकलाढकली, झाकणावरचे दाइवाचे हात, सगळे फार आठवते. कधी कधी वाटते, कोणीतरी एखादे करपवावे तरी.

परवा दाइवाचा फोन आला होता.

"तिथे पगार वेळेवर देतात ना गं?" ओड्नीने विचारले.

"एकदा उशीर केला. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं."

"मग?"

"दिला की! वर म्हणतो, फार फटकळ आहेस."

दोघी पोट धरून हसल्या. मग दाइवा हळूच म्हणाली, "उग्ने आजीपेक्षा उंच झाली म्हणे. मी फोटोतच बघते."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून जपा आपल्या कष्टाच्या पगाराला. ज्या महिन्याचा चुकला, त्याच महिन्यात विचारा, गोड बोलून विचारा, पण लिहून विचारा. विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. आम्ही त्या खोलीत भीड धरून बसलो नसतो, तर उग्नेची आई आज तिच्याजवळ असती.