संडासातली हिरवी गोळी

सकाळी सात वाजता आर्डिथ पोहायला उतरली आणि सात वाजून चार मिनिटांनी तिच्या नाकासमोरून मक्याचे दाणे गेले. नुसते दाणे गेले नाहीत. पोटातून बाहेर पडताना दाणे ज्याच्यात रुतून येतात, त्याच्यासकट गेले. घाई अजिबात नव्हती. सकाळच्या फेरफटक्याला निघालेल्या पेन्शनरासारखे, आजूबाजूला बघत बघत गेले.

ती ओरडली नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागतं. ओठ घट्ट मिटून ती शिडी चढली. बोटीवर आठवड्याला पुरवायचं साठ लिटर गोडं पाणी होतं, त्यातलं चाळीस लिटर तिने अंगावर ओतलं. मग नवऱ्यासमोर जाऊन काय दिसलं ते सांगितलं. व्हर्न ओट्सची पेज खात होता. त्याने चमचा खाली ठेवला, खिडकीतून समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय लोक असतात एकेक."

आर्डिथची गोष्ट साधी होती. तिचे गुडघे गेले होते. जमिनीवर ती पायऱ्या खेकड्यासारखी आडवी उतरायची. पाण्यात मात्र तिला गुडघे आहेत याचाच विसर पडायचा. अकरा वर्षांपूर्वी व्हर्नला कॅनडातलं घर विकून शिडाची बोट घ्यायची हुक्की आली, तेव्हा तिने एकच अट घातली होती. रोज सकाळी पोहायला मिळालं पाहिजे. ज्या दिवशी पाणी बंद, त्या दिवशी मी विमानात, आणि तू तुझ्या बोटीत. व्हर्नने अट मान्य केली होती. धान्याच्या कोठारावर पस्तीस वर्षं तपासनीस होता तो. अटी मान्य करण्याची त्याला सवय होती.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात ते बहामाजमधल्या पॉम्पी बेटाच्या खाडीत नांगर टाकत आणि एप्रिलात उचलत. त्यांची धरून ऐंशी बोटी तिथे हिवाळा काढायच्या. सगळे साठीच्या पुढचे, सगळे उघडे, सगळे भाजलेल्या वांग्याच्या रंगाचे. कुणाचं आडनाव कुणाला ठाऊक नसे, बोटीच्या नावानेच हाक मारायची. आर्डिथ-व्हर्न म्हणजे 'सेकंड विंड'. खाडीतल्या कारभाराचा मुख्य माणूस म्हणजे 'ग्रॅटिट्यूड'वरचा ड्वेन, निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी आठला तो रेडिओवर हजेरी घ्यायचा आणि ऐंशी बोटी कान लावून ऐकायच्या, कारण दिवसभर दुसरं कामच नव्हतं.

त्या दिवशी हवामान झालं, दोन वाजताचा व्हॉलीबॉल झाला, कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल सापडली होती ती झाली, आणि 'आणखी कुणाला काही सांगायचंय का' म्हणताच आर्डिथने बटण दाबलं. तिने सगळं सांगितलं, मक्यासकट.

खाडी हादरली. एकामागून एक बोटी रेडिओवर येऊन धिक्कार करू लागल्या. बोटीवरचा संडास टाकीत साठवायचा आणि टाकी भरली की मिस्टर मस्ग्रोव्हना हाक मारायची, ते आपली उपसाबोट घेऊन येतात आणि पाइप लावून ओढून नेतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही तर नेहमी मस्ग्रोव्हनाच बोलावतो, असं ऐंशीच्या ऐंशी बोटींनी सांगितलं. मक्यावरून माग काढायचा प्रयत्न झाला, पण आदल्या रविवारी समुद्रकाठी जेवण झालं होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता आणि 'ड्रिफ्टवुड'वरच्या कोरीनने घमेलंभर मक्याची कोशिंबीर आणली होती. एकशे चाळीस जणांनी ती खाल्ली होती. कोरीन रेडिओवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या कोशिंबिरीचं असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं." कोशिंबिरीचं दुसरं काय होतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

दुपारी सुरूच्या झाडाखाली सभा भरली. ड्वेनने खिशातून गोळ्यांची बरणी काढली. पूर्वी तो जिथे बोट ठेवायचा त्या बंदरातली ही युक्ती. प्रत्येक संडासाच्या टाकीत एक गोळी टाकायची. कुणी टाकी समुद्रात सोडली की बोटीभोवती हिरवागार रंग पसरतो, पोपटासारखा, आणि चोर आपोआप सापडतो. ठराव मांडला गेला. 'फ्री स्पिरिट'वरच्या म्हाताऱ्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. ड्वेनने विचारलं, "तुला काही लपवायचंय का?" त्यावर म्हाताऱ्याने सगळ्यात आधी हात वर केला. ठराव एकमताने पास झाला. व्हर्नने तर दोन्ही हात वर केले, मग लक्षात आल्यावर एक खाली घेतला.

गोळ्या वाटायचं काम आर्डिथने घेतलं. दोन दिवस ती रबरी होडीतून बोट-बोट फिरली, आपल्या डोळ्यांसमोर गोळी पडल्याशिवाय हलायची नाही. त्या दोन दिवसांत तिने एकोणऐंशी संडास पाहिले आणि मनुष्यजातीबद्दल तिचं जे काही बरं मत होतं ते ठिकठिकाणी सांडत गेलं. एका संडासात कांदे टांगले होते. एकात हातपंपाच्या दांड्यावर दात घासायचा ब्रश सुकत होता. कोरीनच्या संडासात 'समुद्र आपली आई आहे' असं भरतकाम करून, काचेत बसवून लावलं होतं. प्रत्येकजण गोळी टाकून तिच्या हातावर एक बिस्किट ठेवायचा, त्याच हाताने. बिस्किटं ती होडीच्या तळाशी टाकत गेली. माशांना टाकायला तिचा जीव झाला नाही. त्यांचे आधीच काय हाल असतील.

ऐंशीवा संडास स्वतःचा. व्हर्न म्हणाला, "दे इकडे, तू कशाला वाकतेस. तुझे गुडघे." तिला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर मिस्टर मस्ग्रोव्ह भेटले. ते तिथल्याच बेटावरचे, उंच, सावकाश बोलणारे, बेटाच्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या बायकांनाही 'मिस' म्हणणारे, उपसाबोटीवरसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारे. आज मात्र शर्ट घामाने चिकटला होता. हातात कागद होता आणि कागदावर एकसष्ट बोटींची नावं.

"मिस आर्डिथ, तुमच्या लोकांना काय झालंय? साथ आली का पोटाची? परवापासून रेडिओ थांबत नाही."

"एरवी किती जण बोलावतात?"

"एरवी अकरा बोटी."

"रोज?"

"नोव्हेंबरपासून."

आर्डिथने मनातल्या मनात ऐंशीतून अकरा वजा केले आणि समुद्राकडे बघायचं टाळलं. मग ती म्हणाली, आमची बोट त्या अकरात असेलच. मंगळवारी मी गोधड्या शिवायला जाते, तेव्हा व्हर्न तुम्हाला बोलावून घेत असेल ना?

मिस्टर मस्ग्रोव्हना बेटावरच्या प्रत्येक बकरीचं नाव पाठ होतं. ते कागदाची घडी घालत म्हणाले, "नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मिस आर्डिथ."

त्याच संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. चार दिवस असा घोंघावला की उपसाबोट धक्क्यावरून हलू शकली नाही. ऐंशी बोटी नांगरांना हिसके देत उभ्या, आणि आत दीडशे म्हातारे डबाबंद सोयाबीन खात, भरत आलेल्या टाक्यांवर बसलेले. रेडिओवर ड्वेन रोज धीर द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, संयम बाळगा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, कमी खा. चौथ्या दिवशी हजेरी दोन मिनिटांत उरकली. त्याच्या आवाजात घाई होती.

पाचव्या दिवशी, रविवारी, वारा पडला. आर्डिथ टॉवेल घेऊन वर आली आणि शिडीवर एक पाय ठेवून थांबली.

खाडी हिरवी होती. इकडे डबकं, तिकडे डबकं असं नव्हे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखी, लग्नाच्या मांडवात सरबत कालवावं तशी. ऐंशी बोटी त्या सरबतात उभ्या होत्या. 'ग्रॅटिट्यूड'भोवतीचा रंग सगळ्यांत गडद होता. कोरीन आपल्या बोटीच्या कडेला उभी राहून फुलझाडाला पाणी घालत होती आणि आर्डिथला बघून तिने हात हलवला.

आठला रेडिओ लागला. ड्वेनने हवामान सांगितलं. व्हॉलीबॉल दोन वाजता. चप्पल अजून पडून आहे. 'फ्री स्पिरिट'ने आज पाणी फार छान दिसतंय असं कळवलं आणि तीन बोटींनी दुजोरा दिला. हिरवा हा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नाही.

आर्डिथला ओकारी आली. ओकायला ती कडेला गेली, खाली वाकली, आणि तेव्हा कुठे तिला 'सेकंड विंड'चं पोट दिसलं. पाण्याच्या रेषेखालच्या भोकातून एक बारीक हिरवी धार अजून गळत होती. ओकारी जिथल्या तिथे थांबली.

व्हर्न खाली पेज खात होता.

"व्हर्न, आपल्या बोटीतून हिरवं येतंय."

"वारा होता गं. मस्ग्रोव्ह येऊ शकला नाही."

"आणि वारा नसताना?"

व्हर्नने पेजेत चमचा दोनदा फिरवला. मग उठून कप्प्यातून भरती-ओहोटीची वेळापत्रकं काढली, गेल्या अकरा वर्षांची अकरा, रबर लावून ठेवलेली. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्याने तिला नीट समजावून दिलं. तो उघड्यावर कधीच सोडत नसे. रोज ओहोटी कधी लागते ते बघायचं, ती लागली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा. सगळं खाडीबाहेर जातं, थेट खोल समुद्रात. तिच्या पोहण्याच्या वेळेला पाणी स्वच्छच असायला हवं, म्हणून तर एवढा खटाटोप.

"अकरा वर्षांत एकदा तरी काही दिसलं का तुला? सांग ना."

"मग मका कुठून आला?"

इथे मात्र व्हर्नचा चेहरा पडला. मार्चात, संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून, सगळा देश घड्याळ एक तास पुढे करतो. छापील वेळापत्रक जुन्याच वेळेत असतं. दर वर्षी तो आठवणीने तास मिळवायचा, या वर्षी राहिला. ज्याला तो ओहोटी समजला ती भरती होती.

"एका तासाची चूक झाली, आर्डिथ," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पस्तीस वर्षं नोकरी केली, कधी एवढी चूक झाली नाही."

"आणि गोळी? ती कशाला टाकलीस मग?"

"ठरावाला हात वर केला होता ना मी."

तिने रेडिओचं बटण दाबलं. बोटीवरच्या अकरा वर्षांच्या संसारात एखाद्या वस्तूवर तिने एवढ्या जोराने बोट दाबलं नव्हतं. ती म्हणाली, "सेकंड विंड बोलतेय. तो मका आमचा होता."

रेडिओवर खरखर झाली. मग ड्वेनचा आवाज आला. "धन्यवाद, सेकंड विंड. आणखी कुणाला काही सांगायचंय का?"

कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

आर्डिथने पिशवी भरली. विमान मंगळवारी होतं, तोवर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. या पाण्यावर तरंगायचं नाही एवढंच ठाऊक होतं. रबरी होडीने ती धक्क्यावर गेली. मिस्टर मस्ग्रोव्ह चर्चच्या कपड्यांत हातगाडीवर बर्फ चढवत होते. तिने त्यांना विचारलं, तुमची माणसं पोहतात कुठे?

त्यांनी टेकडीकडे मान वळवली. "पलीकडे."

"आणि इकडे?"

"इकडे आम्ही बोटी येण्याआधी पोहायचो."

पलीकडे जायला दहा मिनिटांची पायवाट होती. अकरा वर्षांत ती त्या वाटेने गेली नव्हती, कारण व्हॉलीबॉल अलीकडेच असायचा. उतरणीला खेकड्यासारखी आडवी होत ती खाली पोचली. पाणी असं होतं की तळाची वाळू मोजता यावी. निम्मं गाव तिथे होतं. पोरं डुंबत होती आणि झाडाखाली मस्ग्रोव्हांची सासू मिस यूलाली कढईत शंखाच्या मांसाची भजी तळत बसली होती. आर्डिथने तिला विचारलं, थोडा वेळ पाण्यात उतरले तर चालेल का.

"कुठल्या बोटीवरची गं तू?"

खोटं सांगता आलं असतं. ऐंशी नावं होती. "सेकंड विंड," आर्डिथ म्हणाली.

म्हातारीने जावयाकडे पाहिलं. जावई हातगाडी घेऊन मागोमाग पोचला होता आणि बर्फ उतरवत होता; तो आणखी मन लावून उतरवू लागला.

"तिकडे मागे विहीर आहे," मिस यूलाली म्हणाली. "साबण ठेवलाय. दोनदा लाव. केसांनापण." मग पाण्याकडे तोंड करून तिने हाळी दिली, "पोरांनो, या रे जरा वर."

आर्डिथने दोनदा साबण लावला. मग विचार करून तिसऱ्यांदा लावला. ती पाण्याकडे चालत गेली तेव्हा सगळी पोरं ओळीने काठावर उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने ओळखलं. पाचेक तासांपूर्वी शिडीवर उभ्या असलेल्या तिच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

पाणी गार होतं. चार हात मारले आणि गुडघे नाहीसे झाले. ती पाऊण तास पोहली. तेवढ्या वेळात दुसरं कुणीही पाण्यात उतरलं नाही.

बाहेर आल्यावर मिस यूलालीने तिला कागदावर चार भजी दिली, हात पुरता लांब करून, तोंड बाजूला वळवून. आर्डिथने ती उभ्यानेच खाल्ली. तिने मंगळवारच्या विमानाचा विचार करून पाहिला आणि पलीकडच्या हिरव्या खाडीचाही. व्हर्न एव्हाना मस्ग्रोव्हांच्या कागदावर बासष्टावा असेल. बासष्टाव्याला बघायला तिला घाई नव्हती.

"मिस यूलाली," ती म्हणाली, "गावात कुठे खोली मिळेल का? आणि मी इकडे रोज आले तर चालेल?"

म्हातारीने झाऱ्याने एक भजं उलटवलं, दुसरं उलटवलं.

"खोली बघू," ती म्हणाली. "साबण तुझा तू आणायचा."