डाव्या पायाचा मोजा

पेणमध्ये लोकरीचे मोजे घालण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. त्यामुळे लोकरीचे गुंडे देताना दुकानदाराने मला विचारले, "मुलगा की मुलगी?" मी "राखाडी" असे उत्तर दिले आणि निघालो.

मोजे तनयासाठी होते. ती रोह्याजवळच्या वरशाची, माझी कॉलेजातली मैत्रीण. तिला लेहच्या हवामान केंद्रात नोकरी लागली होती आणि आषाढ सरता सरता ती जाणार होती. त्याआधी मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ती मला सांगता येणार नाही हे ठाऊक असल्याने मी विणकाम शिकलो. टाकेही शब्दांसारखे एकामागून एक पडतात. पण चुकले तर उसवता येतात.

पहिला अडसर मापाचा होता. विचारायचे तर बोलावे लागले असते. एकदा ती आमच्या गणपतीच्या कारखान्यात आली होती, तेव्हा दाराशी काढलेली तिची चप्पल मी लांबूनच पाहून ठेवली होती. तेवढ्या लांबीचे पाऊल मला एका मंडळाच्या कच्च्या मूर्तीला सापडले. खाली सोडलेल्या उजव्या पायाचे माप दोऱ्याने घेऊन मी उजवा मोजा विणला, आणि मांडी घातलेल्या डाव्याचे घेऊन डावा.

"काय रे सुश्रुत, पायाशी काय करतोस?" नीलकंठकाकांनी विचारले. "डोळे वर हायत."

"माप घेतोय. मोज्यांचं."

काकांनी शाडू मळता मळता विचार केला. "बाप्पाला थंडी वाजत नाय रे. उंदराला विचार हवं तर."

निघण्याच्या आदल्या दिवशी तनयाने वरशाच्या घरी ओटीवर बसून मोजे घातले. बाहेर इतके उकडत होते की भिंतीलाही घाम फुटला होता. उजवा मोजा नीट बसला. डावा टाचेशी अडला. तिने ओढला, मग पुन्हा ओढला.

"कोणाचा पाय मापलास?"

"बाप्पाचा."

"मातीच्या?"

"अजून रंग दिला नव्हता," मी म्हणालो. याने काय सिद्ध होणार होते, मला माहीत नाही.

तेव्हा मला आठवले. आमच्या कारखान्यात मूर्तीचा पुढचा पाय मुद्दाम मोठा घडवतात, कारण लोक त्याच पायावर डोके ठेवतात. मांडीतला पाय लहानच राहतो. हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण माझ्याकडे लहानपणापासून डोळ्यांची रेखणी. चेहऱ्याच्या खाली मी कधी उतरलोच नव्हतो.

तनया हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते.

"माझा पाय मला विचारून मापता आला असता की रे."

"व्हय," मी म्हणालो.

"मग विचार."

ओसरत्या उजेडात मी तिच्या पावलांकडे पाहिले. "मापू का?"

तिने वर्तमानपत्र पसरून त्यावर डावा पाय ठेवला. रेखणीत माझा हात कधी कापत नाही, अशी पेणमध्ये ख्याती आहे. पावलाभोवती पेन्सिल फिरवताना तिची करंगळी मला दोनदा काढावी लागली.

मग तिने उजवा मोजा पिशवीत टाकला आणि डावा माझ्या हातात दिला. "उजवा मी नेते. डावा तू आण."

"पोस्टाने पाठवतो."

"पोस्टाने नाही."

नागोठण्याकडे जाणारी एसटी फाट्यावर थांबून गेली. ती माझीच होती. मला जे सांगायचे होते, ते अजूनही सांगितलेले नव्हते. पण विचारण्याची सवय नुकतीच लागली होती.

"कधी येऊ?"

"विसर्जन झालं की ये," तनया म्हणाली. "तेव्हा तुला काम नसतं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी डावा मोजा उसवला. लोकर सरळ होईना. जुन्या टाक्यांचे वळण तिने धरून ठेवले होते. काकांनी पाऊल रेखलेले वर्तमानपत्र उचलून उजेडात धरले.

"सहा बोटं?"

"पाचच हायत."

"बघ बाबा," काका म्हणाले. "नायतर परत उसवायला तुला लेहवरनं इथं यायला लागेल."