चकचकीत जोड

तिसऱ्या गियरला बार उडावा तसा आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात नेणारा अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड वेल्डिंगच्या जोडावरच उकलला होता. अंतिम शर्यतीला चाळीस मिनिटं उरली होती. माझं डोकंच फिरलं.

माझी मेहुणी मायकेन बोटींच्या कारखान्यात वेल्डिंग करते. हा जोडही तिनेच मारलेला. ती कठड्याशी उभी राहून थर्मासमधली कॉफी पीत होती.

"तीस वर्षं हेच करतेस का गं?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "तुझ्या बोटी बुडत कशा नाहीत?"

तिने शांतपणे कॉफी संपवली आणि मला मॅनिफोल्ड सोडवायला लावला. मग हातमोजा काढून तिने भेगेच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा आणि पुन्हा एकदा.

"होकन, मी दिला तेव्हा या जोडावर उंचवटा होता, माशाच्या खवल्यांसारखा. तो कुठे गेला?"

मिडसमरच्या सणातल्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी मीच तो ग्राइंडरने घासून सपाट केला होता आणि आरशासारखा चमकवला होता.

"अरे शहाण्या, सगळी ताकद त्या उंचवट्यात होती. किती घासलास?"

प्रदर्शनात मिळालेला 'सर्वांत सुंदर इंजिन'चा स्टिकर अजून गाडीच्या काचेवर होता. मायकेनने तो नखाने अलगद सोडवला आणि भेगेवर नीट चिकटवला.

"घे, झाली दुरुस्त. पळव आता."