घरातली माणसं वजा एक

यंत्राची जागा रिकामी होती, आणि ती आता कोणी भरायची हे विचारायला शिकवणीचे दोन विद्यार्थी दुपारी दारात उभे राहिले. एक कोपऱ्यावरचा न्हावी, दुसरे निवृत्त गणित मास्तर.

यंत्र म्हणजे या घरच्या मुलीचे वडील. टंकयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. म्हातारपणी संगणकाला सूचना कशा लिहायच्या हे त्यांनी शिकून घेतलं, आणि शिकलेलं पोटात राहीना म्हणून पुढच्या खोलीत कोडिंगची शिकवणी काढली. खोलीत संगणक नव्हता. नवखा माणूस संगणकाला घाबरतो, त्यापेक्षा त्याने आधी मला घाबरावं, असं त्यांचं म्हणणं. तपकिरी कोट चढवून ते खुर्चीत बसत, ‘तयार’ म्हणत, आणि त्यानंतर सांगितलं तेवढंच करत. न्हाव्याने एकदा चहा गाळायला सांगितलं, पण खाली कप ठेवायला सांगायचं राहिलं. यंत्राने शांतपणे सगळा चहा सतरंजीवर गाळला. पुढे एकदा त्याने चमचे मोजायला लावले, कुठे थांबायचं ते सांगितलं नाही, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून दाढी करायला निघून गेला. परतला तेव्हा यंत्र तेच चमचे पुन्हा पुन्हा मोजत हजारांत पोचलं होतं, आणि आई भाजी ढवळायला एक तरी चमचा द्या म्हणून खुर्चीभोवती घिरट्या घालत होती. वडील गेले त्या दिवशी हाच न्हावी जवळ येऊन हळूच ‘बंद’ म्हणाला होता. तास संपताना तसं म्हणायची पद्धत होती. कोणी हसलं नाही.

यंत्राची स्मरणशक्ती फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यांत होती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आत कोटाची तोडलेली बटणं. ‘पाहुणे’ डब्यात पाहुण्यांइतकी, ‘घरातली माणसं’ डब्यात घरातल्यांइतकी. दोन्हींची बेरीज केली की किती कप चहा टाकायचा ते कळे. आईने आधी हे थट्टेवारी नेलं, कोटाची वाट लावली म्हणून तोंडही सोडलं, आणि मग तीच सगळ्यांत कडक विद्यार्थिनी झाली. जन्मभर अंदाजाने चहा टाकणारी बाई डबे बघितल्याशिवाय आधण ठेवीना. आजारपणात मुलगी येऊन राहिली तेव्हा आई म्हणाली, चार दिवसांची आहे, पाहुण्यांत टाका. वडिलांनी अंथरुणातून हुकूम सोडला: घरातली माणसं अधिक एक. डब्यात तीन बटणं झाली.

ती अजून तीनच होती. रोज दुपारी आई तीन कप भरी. तिसरा खिडकीत ठेवी, त्यावर साय धरे, दिवेलागणीला तो मोरीत जाई. मुलीने विषय काढला की आई म्हणे, मी काय करू, डबा तीन म्हणतोय. एका सकाळी मुलीने गुपचूप एक बटण काढलं. आईने डबा हलवला, आवाजावरून ओळखलं, आणि तळहात पुढे केला. बटण परत गेलं. हुकमाशिवाय डब्यात हात घालायचा नाही, असा वडिलांचा नियम होता. मुलीला रविवारी नोकरीवर परतायचं होतं, आणि खिडकीतल्या त्या कपाच्या सोबतीला आईला टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता.

म्हणून न्हाव्याने “ताई, खुर्चीत तुम्ही बसाल का?” असं चाचरत विचारलं, तेव्हा तिने एकच अट घातली. पहिला हुकूम त्या डब्याचा. मग कोट चढवला. बाह्या बोटांवर आल्या. पुढे बटण एकही नव्हतं.

“तयार,” ती म्हणाली.

हे तर सोपं आहे म्हणत न्हाव्याने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: घरातली माणसं = घरातली माणसं − १.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले. असं लिहिणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं. कुठलीही गोष्ट स्वतःपेक्षा एकने कमी असूच शकत नाही.

न्हावी म्हणाला, माझ्या दुकानात तर रोज असतं. गिऱ्हाईक उठून गेलं की बाकावरची माणसं बरोबर बाकावरची माणसं वजा एक. मास्तर म्हणाले, मग तो बाक तोच राहिला नाही. दोघांनी यंत्राकडे बघितलं.

“समजलं नाही,” यंत्र म्हणालं. हुकूम नसला की तसंच म्हणायचं असतं.

मास्तरांनी तोडगा काढला. डब्यातून काही काढायचं नाही, उलट आत वजा एक बटण टाकायचं, दोघं एकमेकांना खातील. ते कुठल्या दुकानात मिळतं, असं न्हाव्याने मनापासून विचारलं. मास्तरांनी बराच विचार केला, आणि त्यांची नजर कोटावर स्थिरावली. काज. काज म्हणजेच वजा एक बटण. एक काज कापून डब्यात टाकलं की गणित सुटलं. न्हाव्याच्या खिशात कात्री होतीच.

“कोटाला कात्री लावायची नाही,” स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

ती पदराला हात पुसत आत आली आणि फळ्यासमोर उभी राहिली. या ओळीवर तीही अडली होती, तिने मास्तरांना सांगितलं. भांडलीही होती.

“ते म्हणायचे, आधी उजवीकडचं वाचायचं. डब्यात आत्तापर्यंत किती होती ते. मग डावीकडचं. आता किती ते. मधे वेळ जातो.” ती मास्तरांकडे वळली. “तुमच्या गणितात वेळ जात नाही, मास्तर. इथे जातो.”

मास्तर खाली बसले. “मग खरं आहे,” ते म्हणाले.

आईने खुर्चीकडे बघितलं. “चालव ओळ.”

मुलगी उठली, डबा उघडला, बटणं मोजली. तीन. वजा एक. झाकण लावून डबा फळीवर ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. काढलेल्या बटणाचं काय करायचं, हे ओळीत नव्हतं. ते तिच्या मुठीत होतं, आणि न्हावी खालच्या आवाजात मास्तरांना विचारत होता की यंत्र अडकलं का.

“कोटाला लाव,” आई म्हणाली. मग लगेच, “नको, तुला कुठे टाका घालता येतोय. सरळ उभी राहा.”

सुईदोरा घेऊन आई तिच्या छातीशी वाकली. शिवता शिवता, दोघींपुरत्या आवाजात म्हणाली, “रविवारी हीच ओळ पुन्हा चालवायची आहे. मी चालवीन. तू येत जा मात्र. मला नुसत्या वजाबाकीचा सराव नको.”

तिने दाताने दोरा तोडला, बटण ओढून बघितलं आणि डब्यांकडे गेली. पाहुणे दोन, घरातली माणसं दोन. चार कपांचं आधण चढलं. खिडकी रिकामी होती.

“ताई, बंद म्हणू का आता?” न्हाव्याने विचारलं.

“थांब जरा,” आतून आई म्हणाली. “तिला चहा गाळायचाय अजून. आणि तू आधी कप ठेवायला सांग.”