आंबट घर

यिनह्वानं पाकिटं फाडून मासे ताटात काढले, वर घरची मिरची-आल्याची भरड थापली आणि रिकामी पाकिटं चुलीशेजारच्या लाकडांखाली सारली. पुढच्या खोलीत सासूबाईंची शवपेटी होती. सुतकात आल्यागेल्यापुढे आंबवलेला मासा ठेवावाच लागतो, आणि घरात तो नव्हता. तालुक्याच्या बाजारातून गुपचूप आणावा लागला.

चीनमधल्या क्वेइचौ प्रांताच्या डोंगरातल्या त्या तुंग लोकांच्या गावात आंबट म्हणजे नुसती चव नव्हे. मुलगी द्यायची तर आधी विचारतात, घरात आंबट आहे ना? म्हातारं माणूस काटक असलं की म्हणतात, आंबटावर पोसलंय. आणि ज्याच्या घरी आंबटाचं पिंप नाही, ते फिकं घर. एवढ्या एका शब्दात अब्रू जाते.

सासूबाईंचं घर कधी फिकं नव्हतं. खाचरातले मासे, मीठ, चिकट तांदूळ घालून बारा वर्षांपूर्वी त्यांनी एक पिंप भरलं, वर नदीतला धोंडा ठेवला आणि बजावलं, "हे माझ्या मयताचं. कुणी हात लावायचा नाही."

गेल्या वर्षी यिनह्वाच्या मुलाची शहरातली सासुरवाडी घर बघायला आली. यिनह्वाला मेली मिरवायची हौस. तिनं ते पिंप उघडून चार तुकडे वाढले. विहीणबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, हे सडलंय. मासा उत्तम होता, यिनह्वाची जीभ साक्ष देत होती. पण तिला आपल्याच घराची लाज वाटली. "हो, बिघडलाच वाटतं," म्हणत तिनं पाहुण्यांदेखत अख्खं पिंप डुकरांच्या डोणीत ओतलं.

सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "धोंडा तेवढा टाकू नकोस गं."

पिंप पुन्हा भरायला यिनह्वाचा हात धजला नाही. जित्या माणसासमोर त्याच्या मयताची तयारी कुठल्या तोंडानं करायची?

आता पहिला घास सासूबाईंच्या भावाचा. लोंग मामा ऐंशीचे. त्या पिंपातले मासे त्यांनीच धरून आणले होते. ते बराच वेळ चावत राहिले. पंगत थांबली होती.

"आंबट आहे," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या बहिणीच्या हातचं."

माणसं जेवायला लागली. यिनह्वाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडे तोंड करून बसली.

थोड्या वेळानं मामा चिलमीला निखारा मागायला आत आले. लाकडांखालून एका पाकिटाचं लाल टोक बाहेर आलं होतं. तिनं ते पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मामांनी चिलीम पेटवली आणि जाता जाता काठीनं ते टोक आत सारलं.