कप्पीखालचा खांब

हातोडी — पेरूएवढं डोकं, दांड्याला घामानं काळी पडलेली सुतळी — आज तिच्या हातात ठरतच नव्हती. ठण्! पुन्हा ठण्! अस्सल सागवान, शंभर वर्षं गासड्यांचं ओझं वाहिलेलं, आणि अजून कसं खणखणीत बोलतंय बघा! रस्ताभर लोक म्हणतात, वखार मोडकळीला आलीय, पाडा. म्हणोत. संध्याकाळी निकाल लागणार होता तो तिच्या नि तात्यांच्या शब्दावर : एक जरी खांब आतून पोकळ निघाला, तर वखार पाडायची. या कामाचा नियम साधा — एकानं ठोकायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. पण तात्या, तिचे वरिष्ठ, अजून आले नव्हते आणि धीर कुणाला होता? तिनं एकटीनंच सुरुवात केली होती, नि एकूण एक खांब पास!

वर माळ्याच्या दाराशी ती कप्पी अजून होती... तिला आठवलं, तिथूनच बाबा कापसाच्या गासड्या खाली सोडायचे, आणि एकदा, आईचा डोळा चुकवून, त्यांनी मलाच गासडीवर बसवलं होतं — दोर कुरकुरतोय, खालून आई ओरडतेय, "अहो, पोर आहे ती, कापूस नव्हे!" — आणि मी हसतेय, नुसती हसतेय. बाबा गेले. दार राहिलं. ते पडू द्यायचं नाही, काही झालं तरी नाही.

"काय गं, भलतीच खुशीत?" तात्या आत येत म्हणाले. "ऐकत कोण होतं?"

"मीच. सगळे ठणठणीत आहेत, तात्या!"

"म्हणजे परीक्षा तुझी आणि मास्तरही तूच." ते भिंतीला टेकले, डोळे मिटले. "कप्पीखालचा ठोक."

तिनं ठोकला.

"जोरात."

"जोरातच मारला की!"

"बाकीच्यांना मारत होतीस तसा. पार रस्त्यावर ऐकू येत होतं."

तिला हसू आलं, मग कानशिलं तापली. खरंच की... मनगट आपोआप सैल पडलं होतं. मघाशीही, याच खांबाशी, निजलेल्या पोराला थोपटावं तशी हातोडी टेकवली होती मी. हा पोकळ आहे हे मनगटाला आधीच कळलं होतं? की नुसतीच भीती?

हातोडी तिनं खांद्यामागे नेली. छाती धडधडत होती, आणि गंमत म्हणजे ती धडधड ओळखीची होती — गासडी दारातून सुटतानाची, पायाखाली काहीच नसतानाची, तीच. खांब वाचावा असं अजूनही वाटत होतं, अगदी जीव तोडून वाटत होतं... पण आता त्याहून जास्त, तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

"हं, मार," तात्या म्हणाले.

तिनंही डोळे मिटून घेतले, आणि मनगट घट्ट केलं.